प्रकल्प नोंदी : ब्रेक दाबला की रेस चढते

७ जुलै २०२५

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक. १.२ लिटर, चार सिलिंडर, पाच गिअर, ९४,००० किमी. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब मोजणारा) चालणारं इंजिन, आयडल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाला हवा देणारा) स्टेपर मोटरचा. काम इंदूरला, देवास नाक्याजवळच्या शेडमध्ये.

तक्रार अशी: सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलं की रेस (इंजिनाचा वेग) आपोआप चढते, पाय उचलला की उतरते. डॅशबोर्डखालून फुस्स असा आवाज येतो. लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं तर पेडल दगडासारखं कडक लागतं. याआधी दुसरीकडे थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारं हवेचं दार) साफ करून झाली, आयडल मोटरही नवी पडली. फरक शून्य.

इंजिन पूर्ण तापवून (कूलंट ८८ अंश), एसी आणि दिवे बंद ठेवून घेतलेली रीडिंग:

पाय पेडलवर नाही: ७५० आरपीएम, मॅप ३६ किलोपास्कल, आयडल व्हॉल्व्ह २२ स्टेप, इग्निशन (ठिणगीची वेळ) १० अंश, लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) अधिक २ टक्के.

पेडल दाबून धरलेलं: ११५० आरपीएम, मॅप ४२, आयडल व्हॉल्व्ह ० स्टेप, इग्निशन २ अंश, ट्रिम अधिक ४ टक्के.

दुसरी ओळ नीट वाचावी. ईसीयूने आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटला, इग्निशन मागे ओढलं, म्हणजे रेस खाली आणायचे हातातले दोन्ही उपाय करून झाले, तरी इंजिन ११५०वर आहे. हवा थ्रॉटलच्या पलीकडून, ईसीयूचा ताबा नाही अशा वाटेने आत येते आहे. आयडल मोटर बदलून काय होणार? ती बिचारी आधीच शून्यावर जाऊन बसली होती.

ट्रिम फारसा हललेला नाही, यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढू नये. मॅप सेन्सरच्या गाडीत हवा कुठूनही आली तरी मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, सेन्सर तो मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. मिश्रण बरोबर राहतं, फक्त रेस चढते. हीच गळती एअर फ्लो मीटरच्या गाडीत झाली तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, ट्रिम अधिक १५-२०पर्यंत जातो, पी ०१७१ (मिश्रण पातळ) कोड येतो आणि रेस चढण्याऐवजी इंजिन थरथरतं किंवा बंदही पडतं. दोष तोच, लक्षणं उलटी. गाडीत कोणता सेन्सर आहे ते आधी पाहावं, मग लक्षणाचा अर्थ लावावा.

८ जुलै

पेडल दाबल्यावर रेस बदलायला तीन कारणं असू शकतात: ब्रेक लाइटचा विजेचा भार, ब्रेक स्विचचा ईसीयूला जाणारा सिग्नल, आणि बूस्टरमधून, म्हणजे मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातून, येणारी हवा. तिन्ही वेगळी करून पाहिली.

मागचे दोन्ही ब्रेक लाइटचे बल्ब काढले. (फ्यूज काढला नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवरून ईसीयूचा ब्रेक सिग्नलही जातो, मग दोन गोष्टी एकदम बंद होतात आणि काहीच सिद्ध होत नाही.) २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, साधारण साडेतीन अँपिअर. एवढ्याने रेस क्षणभर १०-२० आरपीएमने उतरेल, चढणार नाही. बल्ब काढूनही ११५०. पहिलं कारण बाद.

पेडल न दाबता, वाकून ब्रेक स्विचचा दांडा हाताने सोडला. स्कॅनरवर ब्रेक 'ऑन' दिसला, रेस ७५०च. दुसरं बाद.

मग बूस्टरची नळी चिमटली. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले, गाडी न्यूट्रलमध्ये. सपाट जबड्याचा होज क्लॅम्प घेतला. दातेरी पकडीने नळी आतून चिरते आणि एका गळतीच्या दोन होतात. नळी कडक प्लास्टिकची असेल तर चिमटूच नये. ती काढून मॅनिफोल्डच्या तोंडाला रबरी बूच लावावं.

नळी चिमटलेली असताना पेडल दाबलं: ७५०. क्लॅम्प सोडला, पेडल तसंच दाबलेलं: ११५०. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. या चाचणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. थ्रॉटल बॉडीचा एकही स्क्रू सोडण्याआधी ती व्हायला हवी होती.

निरोगी गाडीतही पेडल झटकन दाबून सोडलं की आयडल किंचित हलतं. पाय सोडल्यावर बूस्टरच्या मागच्या कप्प्यात शिरलेली हवा पुढच्या कप्प्यातून मॅनिफोल्डमध्ये ओढली जाते. तो झोका क्षणभराचा असतो आणि लगेच शमतो. पेडल धरून ठेवलं असताना रेस चढलेलीच राहिली, तर मात्र दोष आहे.

९ जुलै

आज मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून पाहिलं. पाय नसताना १७ इंच पारा, पेडल धरल्यावर १५.५.

१७ पाहून नवीन हाताला वाटेल की इंजिन अशक्त आहे, कारण तक्त्यात १८ ते २१ 'चांगलं' म्हणून छापलेलं असतं. तो तक्ता समुद्रसपाटीचा. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. आज की ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर ९४ किलोपास्कल दाखवतो आहे. ९४ वजा ३६ म्हणजे ५८ किलोपास्कल, म्हणजेच १७ इंच. हेच इंजिन मुंबईत १९च्या आसपास दाखवेल. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच वजा धरावा आणि मगच रिंग-व्हॉल्व्हवर संशय घ्यावा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा): या गाडीत तो नळीतच बसवलेला आहे, बाण इंजिनाकडे. काढून बूस्टरच्या बाजूने फुंकलं, हवा गेली. इंजिनाच्या बाजूने फुंकलं, गेली नाही. ठीक. हा व्हॉल्व्ह गळका असेल तर रेस चढत नाही. इंजिन बंद केल्यावर बूस्टरमधला साठा उडतो आणि सकाळी पहिलंच पेडल कडक मिळतं. या दोन तक्रारी एकमेकींत मिसळू नयेत.

नळी: दोन्ही टोकांना बोटभर भाग कडक झालेला, पण वाकवल्यावर भेगा उघडत नाहीत. तरी बदलायची ठरली. जागी व्हॅक्यूमचीच नळी येईल. पाण्याची साधी नळी गरम झाली की आत ओढली जाऊन चपटी होते आणि भर उताराला बूस्टर उपाशी राहतो.

नळी मोकळी असताना एक गोष्ट शेडमधल्या मुलांना करून दाखवली. मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडावर अंगठा अर्धवट ठेवला की इंजिन ११०० ते १७००मध्ये झोके घेऊ लागतं. थ्रॉटल मिटलेला आणि रेस एवढी वर, म्हणजे गाडी उताराला गिअरमध्ये लोटते आहे असं ईसीयू समजतो आणि पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो पेट्रोल परत देतो, हवा तेवढीच असल्याने रेस पुन्हा चढते. लयीत होणारं 'व्हूम्… व्हूम्…' ऐकलं की प्लग-कॉइलच्या मागे न लागता मोठी हवागळती शोधावी.

१० जुलै, सकाळ

बूस्टरच्या तीन पेडल चाचण्या.

पहिली. इंजिन बंद ठेवून पेडल सहा वेळा दाबलं, साठा संपवला, मग घट्ट दाबून धरून इंजिन सुरू केलं. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं, पण अगदी जेमतेम.

दुसरी. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं. चांगल्या बूस्टरमध्ये पहिलं पेडल खोल जातं, दुसरं थोडं वर, तिसरं आणखी वर. इथे पहिलं खोल आणि दुसरं एकदम कडक.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरलं आणि तसंच धरून इंजिन बंद केलं. तीस सेकंद पेडल जागचं हलता कामा नये. इथे पाच सेकंदांतच पेडल पायाला वर ढकलू लागलं.

आता हातपंप. बूस्टरला थेट जोडून २० इंच ओढलं, पाय पेडलवर नाही. एका मिनिटात अर्धा इंच उतरलं. म्हणजे पास! इथेच बरेच जण बूस्टरला निर्दोष ठरवून मोकळे होतात. मग पेडल दाबून तीच चाचणी केली, तर काटा सरळ शून्याकडे.

याचं कारण बूस्टरच्या रचनेत आहे. डब्याच्या आत रबरी डायफ्राम, त्याच्या पुढे एक कप्पा, मागे एक. पाय नसताना दोन्ही कप्पे एकमेकांना जोडलेले आणि दोन्हींत व्हॅक्यूम. डायफ्राम फाटलेला असला तरी दोन्हीकडे सारखाच दाब असल्याने काही कळत नाही. पेडल दाबलं की दांड्यावरचा व्हॉल्व्ह आधी दोन कप्प्यांमधली वाट बंद करतो, मग मागच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडतो. आता पुढे व्हॅक्यूम, मागे हवा, आणि मधला पडदा फाटका. हवा फाटीतून पुढच्या कप्प्यात, तिथून नळीने मॅनिफोल्डमध्ये. रेस चढते ती इथे. पेडल कडक होतं तेही इथेच, कारण दोन्ही कप्प्यांतला फरकच टिकत नाही.

तो फरक टिकला तर केवढं काम करतो पाहा. ८ इंची डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. १७ इंच व्हॅक्यूमला त्यावर १९० किलोच्या आसपास जोर येतो. हा जोर गेला की तेवढी कसर चालवणाऱ्याच्या पायाने काढायची.

म्हणून हातपंपाची चाचणी नेहमी दोनदा: एकदा पाय नसताना, एकदा दाबून. पहिलीत काटा उतरला तर दांड्याचा व्हॉल्व्ह, पुढचं सील किंवा डबा संशयित. फक्त दुसरीत उतरला तर डायफ्राम किंवा त्याच्या मध्याजवळचं सील.

१० जुलै, संध्याकाळ

बूस्टर गेला हे पक्कं, पण का गेला? ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली. लायनर अजून जाड आहेत, त्यामुळे झिजेने पातळी एवढी उतरणार नाही. चारही चाकं आतून कोरडी, पाइपांचे जोड कोरडे. मग ऑइल गेलं कुठे?

मास्टर सिलिंडरचे (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर नेणारा, बूस्टरच्या पुढे बसवलेला) दोन नट सैल करून, पाइप न काढता तो जेमतेम सेंटिमीटरभर पुढे ओढला. बूस्टरच्या तोंडाखाली रंग पापुद्रे धरून सुटलेला. तारेच्या टोकाला पांढरं सुती फडकं गुंडाळून बूस्टरच्या तळाशी फिरवलं. बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं, चिकट, ब्रेक ऑइलच्या वासाचं.

मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय. गळलेलं ऑइल जमिनीवर पडत नाही, बूस्टरमधला व्हॅक्यूम ते आत ओढून घेतो. म्हणून गाडीखाली एक थेंबही नाही आणि टाकी मात्र रिकामी होत चाललेली. डायफ्रामचं रबर ब्रेक ऑइलमध्ये भिजत राहण्यासाठी केलेलं नसतं. ते फुगतं, मऊ पडतं आणि घडीवर फाटतं. ऑइल फार साठलं तर नळीवाटे इंजिनात ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. इथवर पाळी आलेली नाही.

निर्णय: बूस्टर आणि मास्टर सिलिंडर दोन्ही नवे. एकटा बूस्टर बदलला तर नव्या डायफ्रामचीही हीच गत होईल. गाडी तोवर शेडमध्येच राहील, चालवत घरी न्यायला द्यायची नाही.

११ जुलै

सामान: बूस्टर (नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह), मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि फायरवॉलमधलं गॅस्केट, मास्टर आणि बूस्टरमधली ओ-रिंग, एक मीटर व्हॅक्यूम नळी, दोन क्लिप, डॉट ४ ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. छोटी ग्वालटोलीत मास्टरचं नुसतं रबर किटही मिळत होतं. घेतलं नाही. जुन्या सिलिंडरच्या नळीत बोट फिरवल्यावर गंजाचे खड्डे हाताला लागतात, आणि खड्ड्यांवर नवं सील चार दिवसही टिकत नाही.

ऑइलची सील फोडलेली किंवा अर्धी उरलेली बाटली नकोच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि हा तर पावसाळा. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर हाच किमान आकडा १५५वर येतो. फरक उतारावर कळतो.

१२ जुलै

बसवणी. मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावर भरून घेतला. व्हाइसमध्ये फक्त फ्लँज (बोल्ट बसतात ती चपटी कड) धरली, नळीचा भाग कधीही आवळू नये. दोन्ही आउटलेटना प्लास्टिकच्या बारीक नळ्या लावून टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवली आणि बोथट दांड्याने पिस्टन सावकाश ढकलला. सतराव्या-अठराव्या ढकलीला बुडबुडे थांबले. हे न करता सिलिंडर चढवला तर चारही चाकांची हवा काढूनही पेडल स्पंजासारखं राहतं आणि माणूस दिवसभर बाटल्या ओतत बसतो.

सगळ्यात नाजूक काम बूस्टरच्या पुढच्या दांड्याचं. नवा बूस्टर आला म्हणजे दांड्याची लांबी बरोबरच असेल असं धरू नये. मास्टरच्या पिस्टनमधल्या खळग्याची खोली आणि बूस्टरमधून बाहेर आलेल्या दांड्याची उंची, दोन्ही डेप्थ गेजने फ्लँजच्या पातळीपासून मोजली. मॅन्युअलमध्ये ज्या स्थितीत सांगितलं असेल (व्हॅक्यूम देऊन किंवा न देता) त्याच स्थितीत मोजायचं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. दांडा ०.६ मिमी लांब निघाला, टोकाचा स्क्रू फिरवून मापात आणला.

एवढ्याशा ०.६ने काय होतं? पिस्टन पूर्ण मागे येत नाही. टाकीकडे परत जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला परतीची वाट नाही, ब्रेक आपोआप धरू लागतात, त्याने आणखी तापतात. पाच-सात किलोमीटरमध्ये गाडी जखडते. उलट दांडा तोकडा राहिला तर पेडलचा पहिला भाग पोकळ जातो.

पेडलच्या बाजूची पिन, वायसर आणि कॉटर पिन नवी. पेडलचा मोकळा खेळ (जोर लागण्याआधीची हालचाल) ४ मिमी. ब्रेक स्विच पुन्हा जुळवला. बोनेटखाली सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, कारण ते रंग खातं.

१३ जुलै

जुना बूस्टर कडेने कापून उघडला. आत दाबलेली मोठी स्प्रिंग असते, म्हणून आधी व्हाइसमध्ये धरून मगच कापावा. तळात ऑइल होतं, मोजपात्रात ओतलं तर ६० मिली. डायफ्राम बोटाला शेवाळासारखा बुळबुळीत लागतो. वरचा अर्धा भाग अजून ताठ आहे. खालचा, जिथे ऑइल साठून राहिलं, तो फुगून लाटा-लाटांचा झालेला. आणि बाहेरच्या घडीत, बरोबर ऑइलच्या पातळीच्या रेषेवर, १८ मिमीची चीर. ओढली की ओठांसारखी उघडते, सोडली की मिटून दिसेनाशी होते. कालपरवाच्या हातपंपाच्या दोन चाचण्यांमधला सगळा फरक या चिरेत आहे. तुकडा शेडच्या भिंतीवर टांगून ठेवला आहे, नवीन मुलांनी हात लावून पाहावा.

१४ जुलै

हवा काढली. क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिरक्या सर्किटच्या (एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एका जोडीत) काही गाड्यांत क्रम वेगळा सांगितलेला असतो, मॅन्युअल पाहावं. जुनं ऑइल काळपट निघालं. सोनेरी येईपर्यंत सोडलं, एकूण सुमारे ७०० मिली लागलं. टाकी अर्ध्याखाली एकदाही जाऊ दिली नाही.

नवी रीडिंग, इंजिन तापलेलं. पाय नसताना ७५० आरपीएम, मॅप ३६, आयडल २२ स्टेप, इग्निशन १०. पेडल धरून ७४० ते ७५०, मॅप ३६, २३ स्टेप. हातपंप दोन्ही स्थितींत २० इंचांवर मिनिटभर स्थिर. तिन्ही पेडल चाचण्या पास.

१६ जुलै

रस्ता चाचणी. आधी रिंग रोडवर १२ किमी. थांबून चारही चाकं उचलली, हाताने मोकळी फिरतात, म्हणजे दांड्याचं माप बरोबर आहे. मग खंडवा रोडने सिमरोळच्या पुढे भेरूघाट. पाऊस नव्हता, रस्ता कोरडा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरत, मधूनमधून ब्रेक. पेडलची उंची वरपासून खालपर्यंत सारखी. खाली थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या डिस्क: डावी १४२ अंश, उजवी १४८. रेस ७५०.

याच घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे दिसतात. इंजिन बंद म्हणजे बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांचाच साठा. पुढच्या वळणाला पेडल दगड होतं. गाडी मालकाला हे समोर बसवून सांगितलं.

डिझेल गाडीबद्दल एक ओळ नोंदवून ठेवतो, कारण तीही पुढच्या आठवड्यात शेडमध्ये येते आहे: तिथे बूस्टरला व्हॅक्यूम वेगळा पंप पुरवतो. म्हणून बूस्टर गळला तरी पेट्रोलसारखी रेस चढत नाही, फक्त पेडल कडक होतं. तिथे तपासणी पंपापासून सुरू करायची.

२६ जुलै

दहा दिवसांत ४१० किमी. टाकीची पातळी रेघेवर, खडूची खूण जशीच्या तशी. मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याखाली पांढरं फडकं फिरवलं, कोरडं. रीडिंग १४ तारखेसारखंच. पुढची तपासणी ५,००० किमीला. त्या वेळी मागच्या व्हील सिलिंडरची रबरं उघडून पाहायची आहेत, तीही मास्टरइतकीच जुनी आहेत.